कालचंच गाणं

नॉर्थॅम्प्टन, मॅसॅच्युसेट्स
३ ऑक्टोबर १९९४

प्रिय ऑरेलमामा,

बातमी आधी सांगते, म्हणजे बाकीचं पत्र नीट वाचशील. आमच्या बँडची यादी आता मी करते!

'टिन बकेट' सुरू झाल्यापासून हे काम वेंडेलचं. गिटार त्याची, निम्मी गाणी त्याची, मग रोज संध्याकाळी आज काय वाजवायचं, कशानंतर काय, कुठल्या गाण्यातून कुठल्या गाण्यात शिरायचं हेही तोच ठरवायचा. गेल्या आठवड्यात त्यानं मार्कर माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, "डेल्फी, मला रोज रात्री माझाच कंटाळा यायला लागलाय. आता तू कर." बस्स, एवढंच. लगेच निघूनही गेला. अकरा वर्षं मी बास गिटार घेऊन मागे उभी आहे, मामा. मला तर वाटायचं, त्याला माझं आडनावसुद्धा आठवत नसेल.

तू म्हणशील, यादी करण्यात काय एवढं? अरे, आमची माणसं आमच्या मागे गावोगाव गाड्या घेऊन येतात. काल ऐकलेलं आज पुन्हा ऐकवलं तर ती तोंडं फिरवून बिअर आणायला जातात. पुढच्या रांगेत हार्लन नावाचा एक दाढीवाला असतो, तो पेन्सिल घेऊन प्रत्येक गाणं टिपून ठेवतो. म्हणून मी संध्याकाळी खोडत बसते. या गावात गेल्या खेपेला जे वाजवलं ते काट. गेल्या तीन रात्रींतलं काट. दोन संथ गाणी लागोपाठ नकोत. एकाच सुरातली दोन शेजारी नकोत. बाकीचे सूप पीत असतात आणि माझं सूप गार होत असतं, पण मजा येते रे!

आमच्या सगळ्या कॅसेटी तुझ्याकडे पोचतातच. ऐक आणि खरं काय ते सांग. गोड बोलू नकोस.

तुझी
डेल्फीन

---

फोर्ट केंट, मेन
१२ ऑक्टोबर

लाडके डेल्फी,

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात एकटाच नाचलो. शेजारची मादाम उएलेट खिडकीतून बघत होती, तिलाही हात केला. आता गावभर झालं असेल की ऑरेल म्हातारा गेला कामातून.

इथे बटाट्याची काढणी संपली, सगळं गाव कंबर धरून बसलंय. मी मात्र तव्यावर प्लॉयची धिरडी टाकतो, लोणी लावतो आणि तुमच्या कॅसेटी ऐकतो. नॉर्थॅम्प्टनची काल आली. वाजवता तुम्ही झकास, त्याबद्दल वादच नाही. यादी पण नेटकी आहे. फारच नेटकी, इस्त्री केलेल्या शर्टासारखी. तूच म्हणालीस गोड बोलू नकोस!

आता एक गंमत. इथाकाला तुमचा कार्यक्रम २० तारखेला आहे ना? माझा अंदाज लिहून ठेवतो. सुरुवात 'पोस्टमास्तरचं कुत्रं'. पहिल्या भागाचा शेवट 'मीठ आणि डांबर'. सगळ्यात शेवटी 'छपराचा पूल'. हे पत्र मी त्या हॉलच्या पत्त्यावर पाठवतोय, पण तू कार्यक्रम झाल्यावरच फोड. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का बघून ठेव, नाहीतर म्हणशील, मामानं मागाहून लिहिलं.

तीस वर्षं मी इथल्या रेडिओवर हवामान सांगितलं. मी ऊन म्हटलं की लोक छत्र्या बाहेर काढायचे. एक अंदाज तरी खरा ठरू दे की गं!

तुझा मामा
ऑरेल

---

इथाका, न्यूयॉर्क
२१ ऑक्टोबर

मामा,

तू हेरगिरी करतोस का?

तिन्ही बरोबर! मी पत्र फोडलं आणि खुर्चीतच बसले. आधी माझा संशय ऑगीवर गेला. ड्रम वाजवतो आणि तोंड वाजवतो, दोन्ही सारख्याच जोरात. मी विचारलं, "तू माझ्या मामाला फोन करून यादी सांगतोस का?" तो म्हणाला, "बाई, मी माझ्या आईला फोन करत नाही, तुझ्या मामाला कशाला करू?" हे मात्र खरं आहे.

योगायोग असेल. असलाच पाहिजे. ४ नोव्हेंबरला आम्ही प्रॉव्हिडन्सला आहोत. त्या रात्रीचं सांग बघू. मी यादी अशी फिरवणार आहे की तुझं डोकं गरगरेल. आणि इस्त्रीच्या शर्टाबद्दल मी तुला माफ केलेलं नाही.

तुझी चिडलेली
डेल्फीन

---

फोर्ट केंट
२७ ऑक्टोबर

चिडके डेल्फी,

घे, प्रॉव्हिडन्स: सुरुवात 'आजोबांची बोट'. त्यातून न थांबता 'मार्थाची गाय'. दुसऱ्या भागाची सुरुवात 'उत्तरेचा वारा'. आणि मध्येच एक लांबलचक संथ गाणं घालशील, कारण इथाकाला एकही नव्हतं आणि ते तुला आता टोचत असणार.

अजून एक आनंदाची बातमी. तुमच्या चाहत्यांचं ते जे पत्रक निघतं ना, त्यांनाही मी एक प्रत पाठवली. त्यांना इतकं आवडलं की पहिल्या पानावर छापतायत, 'मामाचा हवामान अंदाज' म्हणून! मला फोन आला, मी कोट घालून बोललो. उभ्या आयुष्यात रेडिओनं माझा फोटो कधी मागितला नाही, यांनी मागितला. तुझं नाव पण छापून येणार, यादी करणारी म्हणून. खूश ना?

तुझा सुप्रसिद्ध मामा
ऑरेल

---

प्रॉव्हिडन्स, ऱ्होड आयलंड
५ नोव्हेंबर

मामा,

पत्रक आलं. तुझं पत्र मी ठरल्याप्रमाणे कार्यक्रम झाल्यावरच फोडलं, पण पत्रक माझ्याआधी सगळ्यांकडे पोचलं होतं.

काल आम्ही स्टेजवर गेलो तेव्हा पुढच्या तीन-चार रांगांत लोक ते पान हातात धरून उभे होते. मी 'आजोबांची बोट' सुरू केली आणि टाळ्यांच्या आधी हशा आला. "मामा! मामा!" म्हणून ओरडत होते. 'मार्थाची गाय' आली, पुन्हा हशा. 'उत्तरेचा वारा' सुरू झाला तेव्हा हार्लननं टिपायचंही सोडलं, पेन्सिल कानामागे खोचली. आणि त्या संथ गाण्याला, मामा, निम्मा हॉल बिअर आणायला गेला. माझ्या डोळ्यांदेखत.

एक गोष्ट तुला मी सांगितली नव्हती, कारण सांगितलं की ती खरी होते असं वाटायचं. वेंडेलनं यादी मला कायमची दिलेली नाही. थँक्सगिव्हिंगनंतर बर्लिंग्टनला, आमच्या घरच्या गावी, ओळीनं तीन रात्री आहेत. त्यानंतर ठरणार. काल कार्यक्रम झाल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला. चिडला असता तर परवडलं असतं. शांतपणे म्हणाला, "लोकांना आधीच कळत असेल, तर रोज यादी बदलून आपण मिळवलं काय? बर्लिंग्टनलाही असंच झालं तर वसंतातल्या दौऱ्यात एकच यादी ठरवू आणि तीच रोज वाजवू. निदान वाजवायला तरी चोख बसेल."

एकच यादी! रोज! मग आम्ही आम्ही कशाला राहिलो? मला हे काम हवंय मामा. आयुष्यात इतकं मला काही हवंसं वाटलेलं नाही. मागे उभं राहून मला सगळं ऐकू येतं, कोण थकलाय, कोण भरात आहे, हॉल कुठे ढिला पडला. पहिल्यांदाच कुणी त्याचं काही करायला मला सांगितलं होतं.

तुझा हेतू वाईट नव्हता, ठाऊक आहे. पण आज मला तुझ्यावर हसता येत नाहीये.

डेल्फीन

---

फोर्ट केंट
११ नोव्हेंबर

डेल्फी, बाळ,

पत्रकवाल्यांना फोन केला. अंदाज बंद. कारण विचारलं तर म्हटलं, हवामान खात्यानं मला निवृत्त केलं.

मला वाटलं, आपण दोघं खेळतोय. तू दात विचकून हसत असशील असंच डोळ्यांपुढे यायचं. तुला त्याचा त्रास होत असेल हे या टाळक्यात शिरलं नाही. वाईट वाटलं मला, फार वाईट वाटलं. तुझी आई असती तर तिनं लाटणं घेऊन माझ्या मागे धाव घेतली असती.

आता रडगाणं पुरे, कामाचं बोलू. मी तुझ्या यादीतली गाणी ओळखतो कशी, हे तू अजून विचारलं नाहीस. मानी आहेस, म्हणून. तरी सांगतो. तू काय वाजवशील हे मी शोधतच नाही. तू काय वाजवायला भिशील तेवढं मी खोडत जातो. मागच्या खेपेचं भिशील. कालचं भिशील. दोन संथ भिशील. शेजारचा सूर भिशील. शेवटी कागदावर जेवढं उरतं, तेवढंच तुझ्या हातातही उरलेलं असतं. वेंडेल यादी करायचा तेव्हा मला दहात दोन ओळखता यायची नाहीत, कारण त्या माणसाला कशाची भीतीच नव्हती. बऱ्याचदा अक्कलही नव्हती. तुला अक्कल आहे. तीच तुला नडतेय.

काय वाजवायचं ते मी सांगणार नाही. सांगितलं तर ती यादी माझी होईल. आणि बर्लिंग्टनच्या तिन्ही रात्रींचे अंदाज मी पाठवणार आहे, फक्त तुला, तिथल्या तिकीट खिडकीच्या पत्त्यावर. दया म्हणून थांबणार नाही. मला हरव. मला हरवायला येतंय का बघ.

तुझा मामा

---

बर्लिंग्टन, व्हर्मॉंट
२८ नोव्हेंबर

मामा!

मामा, मामा, मामा! घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर चष्मा पूस.

शुक्रवारपासून सांगते. मी ठरवलं होतं, तुला चकवायचं. अडगळीतून 'रेल्वेचा कंदील' काढलं, जे आम्ही कित्येक वर्षांत वाजवलं नव्हतं. ऑगीला ते पुन्हा शिकावं लागलं. लोक खूश झाले, शेवटी 'छपराचा पूल' झाला, सगळे नाचले. मी तरंगतच तिकीट खिडकीशी गेले. तुझं पाकीट फोडलं तर पहिल्याच ओळीत: 'आता तू घाबरून काहीतरी जुनं उकरून काढशील, बहुतेक रेल्वेचा कंदील.' मामा, त्या क्षणी तू समोर असतास तर तुझं काही खरं नव्हतं.

रात्रभर तळमळले. तुझं ते वाक्य डोक्यात घण घालत होतं, भिशील ते खोडत जातो. शनिवारी दुपारी जेवणाच्या खोलीत कोरा कागद घेतला आणि स्वतःला विचारलं, आत्ता, या गावात, सगळ्यात जास्त कशाला भितेस? उत्तर इतकं सोपं होतं की मला हसू आलं. पहिल्याच ओळीत लिहिलं: 'छपराचा पूल'.

ऑगी माझ्या खांद्यावरून वाचत होता. "चुकून लिहिलंस. काल झालं की हे."

"माहितेय."

"काल रात्री. याच हॉलमध्ये. याच लोकांपुढे!"

"माहितेय रे."

तो धावत जाऊन वेंडेलला घेऊन आला. वेंडेलनं कागद वाचला आणि उलटा करून मागे काही आहे का बघितलं. "डेल्फी, बाकीची गाणी कुठायत?"

"पहिल्या भागात एवढंच."

"लोक आपल्याला कच्चं खातील."

"खाऊ देत. आज रात्रीपर्यंत तरी यादी माझी आहे ना?"

त्यानं कागद मला परत दिला. मग म्हणाला, "आहे." आणि सूप प्यायला बसला. पण दोन चमचे घेऊन वाटी सरकवली, मी बघत होते.

आम्ही स्टेजवर गेलो. मी एकटीनं सुरू केलं, फक्त बास. नेहमी ते गाणं उधळलेल्या घोड्यासारखं धावतं. मी ते निम्म्या वेगानं घेतलं, खालच्या पट्टीत, आणि सूर असा बदलला की नाचाचं गाणं कुणीतरी घरी एकट्यानं गुणगुणावं तसं वाटायला लागलं. लोकांना ओळखू यायला थोडा वेळ लागला. मग आलं ओळखू, आणि सगळ्या हॉलमधून "ओऽऽह" असा आवाज निघाला. आनंदाचा नाही. मागे कुणीतरी ओरडलं, "काल झालं हे!" दोघं-तिघं दाराकडे निघाले. मामा, मी भ्याले होते, पण बोटं नाही. बोटं माझी होती.

वेंडेल वाजवेचना. गिटार गळ्यात घालून नुसता उभा, डोळे मिटून ऐकत. ऑगीनं काठ्या ठेवल्या आणि आवाज मऊ यावा म्हणून ब्रश घेतले, मी सांगितलं नव्हतं. मग वेंडेल हळूच आत आला, माझ्या मागे मागे. अकरा वर्षं मी त्याच्या मागे चाललेय, शनिवारी तो माझ्या मागे चालत होता! त्यानं शेवटचं कडवं आधी म्हटलं. तू ऐकशीलच, ते कडवं आधी आलं की पुलावरून परत आलेला माणूस पुन्हा निघून जातोय असं वाटतं. ज्या गाण्यावर आम्ही इतकी वर्षं नुसते नाचलो, ते दुःखाचं गाणं आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं. दाराशी गेलेले थांबले. बिअरच्या खिडकीशी चिटपाखरू नव्हतं. आणि मग, खूप वेळानं, मी वेग धरला. सांगून नाही, आपोआप धरला गेला. ऑगी ओरडला, वेंडेल हसला आणि आख्खा हॉल एकदम उडाला. मी छतच खाली येतंय की काय बघितलं.

पहिला भाग संपला तेव्हा हार्लननं त्याचा कागद डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवला. त्यावर एकच ओळ होती. तो रडत होता, दाढीसकट.

तुझं शनिवारचं पाकीट: 'सुरुवात उत्तरेचा वारा'. आणि खाली तुझ्या खोडलेल्या गाण्यांत सगळ्यात वर: 'छपराचा पूल, शुक्रवारी झालेलं असणार, प्रश्नच नाही'. वेंडेलनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आम्ही सगळे लोळलो.

पण रविवारचं ऐक. मी शहाण्यासारखी नवी यादी केली होती, सुरुवात 'उत्तरेचा वारा', म्हटलं मामाची एक दिवस उशिरा का होईना लाज राखू. आम्ही स्टेजच्या बाजूला उभे, दिवे मंद झाले, आणि वर बाल्कनीतून कुणीतरी माझी शनिवारची बासची ओळ गुणगुणायला लागलं. भसाडा आवाज, ताल धड नाही, प्रत्येक वेळी अर्धी मात्रा मागे. पण थांबेना. मग शेजारच्यांनी उचललं, मग सगळ्या बाल्कनीनं, मग खालच्यांनी. जी माणसं कालचं गाणं आज वाजवलं तर उठून जातात ती सगळी मिळून तिसऱ्या रात्री तेच मागत होती!

वेंडेलनं विचारलं, "यादीत पहिलं काय आहे?"

"उत्तरेचा वारा."

"लोकांनी बदललेलं दिसतंय."

मी यादी घडी करून खिशात घातली आणि आम्ही त्यांच्या गुणगुणण्यातच शिरलो. तिसऱ्यांदा तेच गाणं, आणि ते तिसरंच झालं. कसं झालं ते मला सांगता येणार नाही, कॅसेट येईल तेव्हा ऐक.

सगळं आवरल्यावर वेंडेल आला. मी विचारलं, "मग वसंतात एकच यादी का?" तो म्हणाला, "वसंतातले मार्कर तूच विकत घे. माझ्याकडचा सुकलाय." मग जाता जाता थांबला. "आणि डेल्फी, मी ते गाणं लिहिलं तेव्हा मला ते तसंच ऐकू आलं होतं, संथ. मला कुणी विचारलंच नाही."

मी जिंकले मामा! एक तक्रार आहे. रविवारचं तुझं पाकीट आलं नाही. हरलास म्हणून रुसलास का? आणि बाल्कनीतल्या त्या बेताल बाबाला कुणीतरी ताल शिकवा, पण त्याआधी मला त्याच्या गळ्यात पडायचंय.

तुझी, फक्त तुझी नाही आता, सगळ्या बर्लिंग्टनची
डेल्फीन

---

फोर्ट केंट
२ डिसेंबर

विजयी डेल्फी,

रविवारचं पाकीट आलं नाही, कारण ते टाकायला मी घरी नव्हतो. शनिवारचं टाकलं आणि मग चैन पडेना. म्हटलं, पोर एकटी लढतेय आणि आपण इथे तव्यावर प्लॉय उलटत बसायचं? बॅगेत एक सदरा कोंबला आणि बसमध्ये बसलो. इतकी वर्षं मी तुम्हाला कॅसेटवरच ऐकलं, गर्दीत जीव घुसमटतो म्हणून. घुसमटलाही, पण पहिल्या दहा मिनिटांतच. शनिवारी बाल्कनीत, रविवारीही बाल्कनीत.

हो. तो बेताल बाबा मीच. अर्धी मात्रा मागे होतो हे मान्य, पण डोळ्यांत पाणी असताना तू ताल धरून दाखव.

भेटायला मागे आलो नाही, त्यावरून भांडू नकोस. आलो असतो तर तू माझ्यासाठी खुर्ची शोधत, मला जेवू घालत बसली असतीस. ती रात्र तुझी होती, मला तिच्यात लुडबूड करायची नव्हती. मी दुरून पोटभर बघितलं. तुम्ही सगळे एकमेकांच्या गळ्यात पडलात तेव्हा मीही शेजारच्या अनोळखी माणसाच्या गळ्यात पडलो.

शनिवारी तू एकटी वाजवत होतीस आणि लोक "ओऽऽह" करत होते, तेव्हा मला पळून जावंसं वाटलं. तुझ्यासाठी भीती वाटली गं. आणि मग मी बघितलं की तू भीत होतीस आणि तरीही वाजवत होतीस. तेव्हा माझी सगळी गणितं संपली. यापुढे मी तुझी एकही यादी ओळखू शकणार नाही, आणि हरल्याचा इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

रविवारी माझ्या डाव्या हाताला एक मुलगी होती, केसांना निळा रंग लावलेली, नाचून घामाघूम झालेली. गाणं संपल्यावर तिनं माझ्या कानाशी ओरडून विचारलं, "आजोबा, तुम्ही बँडमधल्या कुणाला ओळखता का?"

मी स्टेजकडे बोट केलं. म्हटलं, "ती मागे उभी आहे ना, बास घेऊन? हे सगळं ती ठरवते. माझी भाची आहे."

तुझा मामा
ऑरेल